इम्प्लांटपूर्वी संप्रेरकांचा हिशेब: जबड्याच्या हाडाची तयारी कशी करावी

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला व दाताची कॅप पेलणारा स्क्रू) बसवण्याचा पर्याय आता गोव्यात केवळ पणजी-मडगावपुरता राहिलेला नाही; फोंडा, डिचोली, साखळी, पेडणे येथील दवाखान्यांतही तो सुचवला जातो. हा सल्ला ज्यांना मिळतो त्यांच्यात पन्नाशीच्या आसपासच्या किंवा त्यापुढच्या स्त्रिया पुष्कळ असतात, आणि हाडांची राखण करणारी संप्रेरके शरीरातून ओसरण्याचा काळही नेमका तोच असतो. अशा वेळी इम्प्लांट करावे की नाही, करायचे तर कोणती तयारी करावी, दंतवैद्याला काय सांगावे आणि त्यांना काय विचारावे, हे येथे कामाच्या क्रमाने मांडले आहे.

संप्रेरकाची कमतरता आहे म्हणून इम्प्लांट मुळीच करता येत नाही, असे क्वचितच घडते. तिच्यामुळे बदलते ते वेळापत्रक, जागेची निवड आणि नंतरची देखरेख. अडचण उभी राहते ती बहुधा न सांगितलेल्या माहितीमुळे, आणि त्यातही हाडांसाठी घेतलेल्या औषधांची माहिती सर्वांत जास्त वेळा सांगायची राहून जाते. म्हणून या मार्गदर्शनातील बराच भाग खुर्चीवर बसण्यापूर्वी घरी करायच्या कामाविषयी आहे.

हाड इम्प्लांटला कसे धरते

स्वीडनमधील संशोधक पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करताना असे आढळले की हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग नंतर काढू म्हटले तरी सुटत नाही, कारण हाड त्याच्या पृष्ठभागाला थेट भिडून वाढलेले असते. याच तत्त्वावर त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो व तो चावण्याचा धक्का पचवतो. इम्प्लांटला असा थर नसल्याने त्याची सारी भिस्त भोवतालच्या हाडावर असते.

बसवल्या दिवशी इम्प्लांट घट्ट वाटते ते केवळ स्क्रूच्या यांत्रिक पकडीमुळे. पुढच्या काही आठवड्यांत छिद्राच्या कडेचे दुखावलेले हाड शरीर विरघळवून टाकते आणि त्या जागी नवे हाड घालते. जुने गेले आहे आणि नवे अजून पुरेसे आलेले नाही, अशी दुबळी अवस्था साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींच्या या देवघेवीवर ज्यांचा अंकुश असतो, त्यांत इस्ट्रोजेन हे मुख्य स्त्री-संप्रेरक प्रमुख आहे. झिजवणाऱ्या पेशी तयार व्हाव्यात असा संदेश देणारे ‘रँक-लिगँड’ नावाचे प्रथिन इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवते आणि त्या संदेशाला अडवणारे ‘ऑस्टिओप्रोटेजेरिन’ वाढवते. पाळी कायमची गेल्यावर हा अंकुश सुटतो, झिजवणाऱ्या पेशी संख्येने वाढतात, अधिक काळ जगतात, आणि रचणाऱ्या पेशींना त्यांच्या वेगाने भरपाई करता येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच ते सात वर्षांत ही घट सर्वांत वेगाने होते.

ही घट सगळ्या हाडांत सारखी होत नाही. बाहेरच्या टणक कवचापेक्षा आतील जाळीदार हाड आधी आणि जास्त विरळ होते. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात टणक कवच जाड असते. वरच्या जबड्याच्या मागच्या भागात, म्हणजे वरच्या दाढांच्या जागी, कवच पातळ आणि आतील हाड मुळातच सच्छिद्र असते. काळ्या दगडात ठोकलेला खिळा आणि कोवळ्या चिऱ्यात ठोकलेला खिळा यांच्या पकडीत जो फरक पडतो, तोच येथेही पडतो. म्हणूनच इस्ट्रोजेनच्या कमतरतेची चिंता खालच्या पुढच्या दातांपेक्षा वरच्या दाढांच्या बाबतीत अधिक करावी लागते.

अंडाशय काढलेल्या उंदरांवर आणि सशांवर केलेल्या प्रयोगांत इम्प्लांटला थेट भिडलेल्या हाडाचे प्रमाण कमी भरते आणि इस्ट्रोजेन दिल्यावर ते काही अंशी सुधारते, असे वारंवार दिसले आहे. माणसांमधील चित्र इतके गडद नाही. हाडांचा ठिसूळपणा असलेल्या स्त्रियांमध्येही बहुतेक इम्प्लांट टिकतात. इम्प्लांटच्या गळ्याशी हाड काहीसे जास्त झिजण्याची शक्यता मात्र काही अभ्यासांत नोंदली गेली आहे. ‘हाडे ठिसूळ झाली, आता इम्प्लांट विसरा’ हा सल्ला या पुराव्यावर टिकत नाही. तसेच ‘काही फरक पडत नाही’ हेही खरे नाही.

एका कागदावर संप्रेरकांचा इतिहास

दंतवैद्याच्या छापील अर्जात मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी यांचे रकाने असतात. पाळी कधी गेली हा प्रश्न क्वचितच असतो, आणि समोर अनोळखी पुरुष डॉक्टर असेल तर अनेक स्त्रिया तो विषय स्वतःहून काढत नाहीत. यावर साधा उपाय असा की सगळे घरीच एका कागदावर लिहून न्यावे आणि कागद पुढे करावा.

सर्वांत वर पाळी कायमची गेली त्या वेळचे वय लिहावे. भारतीय स्त्रियांमध्ये ते सरासरी ४६-४७ च्या आसपास असते. पंचेचाळीसच्या आत पाळी गेली असेल तर हाडांना इस्ट्रोजेनविना काढावी लागलेली वर्षे वाढतात, आणि चाळीसच्या आत गेली असेल तर तो स्वतंत्रपणे उपचार करण्याचा विषय ठरतो. ‘पिशवी काढली’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. गर्भाशय काढताना अंडाशय ठेवले होते की तेही काढले, हे कळणे आवश्यक आहे, कारण दोन्ही अंडाशय काढल्यास इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता एकदम खाली येते. वीस वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेविषयी हे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधावे, ते सापडले नाही तर सोनोग्राफीच्या एखाद्या जुन्या अहवालात उल्लेख मिळतो का ते पाहावे.

त्याखाली कर्करोगाच्या उपचारांची नोंद करावी. स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षे दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या गोळ्या शरीरात उरलेले इस्ट्रोजेनही जवळजवळ संपवतात. पुरुषांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जाऊ नये: प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी टेस्टोस्टेरॉन दाबणारी इंजेक्शने घेतलेल्यांची हाडेही झपाट्याने विरळ होतात, कारण पुरुषांच्या हाडांचे रक्षणही बऱ्याच अंशी टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे इस्ट्रोजेनच करत असते.

थायरॉईडविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. थायरॉईडचे संप्रेरक कमी असले की हाडांची उलाढाल मंदावते आणि जखम भरायला वेळ लागतो. परंतु गोळी सुरू होऊन टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) योग्य पातळीत आले असेल तर इम्प्लांटला अडचण राहत नाही. हाडांना अधिक घातक असते ती गरजेपेक्षा जास्त झालेली गोळी. वजन कमी झाल्यावर किंवा वय वाढल्यावर जुनाच डोस पुढे चालू राहिला की टीएसएच मर्यादेखाली जाते आणि हाड झिजू लागते. त्यामुळे वर्षभरापूर्वीचा अहवाल घेऊन जाण्याऐवजी नवा काढून घ्यावा.

इन्सुलिन हेही संप्रेरकच आहे, आणि गोव्यात त्याचा बिघाड हा घरोघरचा विषय आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, म्हणजे २६.४ टक्के, आढळले. साखर सतत वाढलेली असली की हाड रचणाऱ्या पेशी मंदावतात, हाडातील कोलॅजेनचा दर्जा खालावतो आणि हिरड्यांना जंतुसंसर्ग लवकर होतो. रजोनिवृत्ती आणि मधुमेह एकत्र असतील, तर आधी मधुमेहाकडे लक्ष द्यावे असे माझे मत आहे, कारण तीन महिन्यांत सुधारून दाखवता येईल अशी गोष्ट या दोहोंत तीच आहे. एचबीए-वन-सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ७ च्या जवळ असावा. ८ च्या पुढे असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते.

कागदाच्या शेवटी मोडलेल्या हाडांची नोंद करावी. अंगणात घसरून मनगट मोडले, उंची पूर्वीपेक्षा कमी झाली, पाठ वाकली, या गोष्टी अहवालांपेक्षा कमी महत्त्वाच्या नाहीत. दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतले असेल तर तेही लिहावे. सांधेदुखीसाठी कोणी दिलेली बिननावाची पुडी घेत असल्यास तीही सांगावी, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असू शकतात. त्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी ती गोळी स्वतःहून बंद करू नये.

वर्षातून एकदा घेतलेले इंजेक्शन

हाडांच्या ठिसूळपणावर मुख्यतः तीन प्रकारची औषधे दिली जातात: आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटसारखी गोळी, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड, आणि दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचले जाणारे डेनोसुमॅब. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात यातील शेवटची दोन नसतात, म्हणून ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात ती येत नाहीत. झोलेड्रोनिक ॲसिड तर हाडात वर्षानुवर्षे राहते. त्यामुळे ‘पूर्वी कधी हाडांचे इंजेक्शन घेतले होते का’ हा प्रश्न दंतवैद्याने विचारला नाही तरी त्याचे उत्तर तारखेसह द्यावे.

ही औषधे हाड झिजवणाऱ्या पेशींना रोखतात. ठिसूळ हाडाला त्याचा लाभ होतो. परंतु जबड्यातील जखम भरून येण्यासाठीही याच पेशींनी मेलेले हाड साफ करावे लागते. ते झाले नाही तर हाडाचा तुकडा हिरडीतून उघडा पडतो आणि आठ आठवड्यांहून अधिक काळ तसाच राहतो. औषधामुळे होणारा जबड्याचा हा अस्थिनाश २००३ पासून वैद्यकीय साहित्यात नोंदला जात आहे. ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा वार्षिक इंजेक्शन घेणाऱ्यांत तो विरळाच आढळतो, दहा हजारांत साधारणतः दोन ते पाच जणांना. डेनोसुमॅबवर हे प्रमाण काहीसे अधिक असू शकते. कर्करोग हाडांत पसरला म्हणून हीच औषधे मोठ्या मात्रेत, दर महिन्याला घेणाऱ्यांची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. त्यांच्यात हे प्रमाण शंभरात काही जण इतके वर जाते, आणि अशा रुग्णांनी ऐच्छिक इम्प्लांटच्या वाटेला जाऊ नये.

क्रम साधता येत असेल तर अडचणीचा मोठा भाग आपोआप टळतो. डॉक्टरांनी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब सुरू करायचे ठरवले असेल आणि तोंडात किडलेले दात वा हलणारी दाढ असेल, तर आधी दातांची तपासणी करून काढायचे ते दात काढून घ्यावेत, जखम भरू द्यावी आणि मग इंजेक्शन घ्यावे. औषध आधीच सुरू असेल तर ते बंद करण्याचा निर्णय रुग्णाने किंवा दंतवैद्याने एकट्याने घेऊ नये. डेनोसुमॅबच्या बाबतीत तर ही चूक महागात पडते. त्याचा पुढचा डोस लांबला की हाडांची झीज उसळी घेते आणि मणक्याची हाडे एकामागून एक दबू शकतात. त्यावर असलेल्यांची शस्त्रक्रिया शेवटच्या इंजेक्शननंतर तीन ते चार महिन्यांनी ठरवावी, म्हणजे पुढच्या इंजेक्शनपूर्वी जखम भरायला सहा ते आठ आठवडे मिळतात. गोळ्या काही काळ थांबवाव्यात का, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही; ज्यांनी औषध लिहून दिले त्यांच्याशी दंतवैद्याने बोलावे, आणि झालेला निर्णय लेखी स्वरूपात आपल्याकडे असावा.

इस्ट्रोजेन पूरक म्हणून घेण्याविषयीही विचारणा होते. इम्प्लांट टिकावे एवढ्यासाठी इस्ट्रोजेन सुरू करू नये. इम्प्लांटवरील त्याच्या परिणामाचे अभ्यास एका दिशेने बोलत नाहीत, आणि रक्ताच्या गुठळ्या व स्तनाचा कर्करोग यांच्या संदर्भातील विचार स्त्रीरोगतज्ज्ञाने करायचा असतो. दुसऱ्या कारणासाठी ते आधीपासून चालू असेल, तर इम्प्लांटसाठी ते थांबवण्याचेही कारण नाही.

कोणत्या तपासण्या, आणि त्यांतून काय कळते

डेक्सा तपासणीत कंबर आणि खुब्याच्या हाडाची घनता मोजली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिलेल्या निकषांनुसार टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या घनतेशी तुलना करणारा आकडा) उणे १ किंवा त्याच्या वर असल्यास घनता सामान्य, उणे १ ते उणे २.५ च्या दरम्यान असल्यास कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ठिसूळपणा मानला जातो. मात्र खुब्याचा आकडा म्हणजे जबड्याचा आकडा नव्हे. उणे २.७ टी-स्कोअर असलेल्या स्त्रीच्या खालच्या जबड्याचे हाड भक्कम असू शकते, आणि याच्या उलटही घडते. जबड्यासाठी सीबीसीटी हा त्रिमितीय एक्स-रे काढला जातो. त्यातून हाडाची उंची, रुंदी, सायनस (वरच्या दाढांवरची हवेची पोकळी) आणि नस यांचे अंतर अचूक कळते, घनतेचा मात्र केवळ अंदाज येतो. त्यामुळे दोन्ही अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत.

संपूर्ण जबडा दाखवणारा साधा ओपीजी एक्स-रेही उपयोगी पडतो. खालच्या जबड्याच्या तळाशी असलेले टणक कवच तीन मिलिमीटरपेक्षा पातळ किंवा कुरतडल्यासारखे दिसत असेल, तर ठिसूळपणाची शंका घेऊन डेक्सासाठी पाठवता येते. ‘हाडे तपासून घ्या’ असे दंतवैद्यानेच प्रथम सुचवले, तर त्यात नवल वाटू देऊ नये.

रक्तात ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, टीएसएच, एचबीए-वन-सी आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन एवढे पाहिलेले पुरे. कॅल्शियम वाढलेले आढळले तरच पॅराथायरॉईड संप्रेरक तपासावे. इस्ट्रोजेनची रक्तातील पातळी मोजण्याचा आग्रह धरू नये. पन्नाशीपुढे पाळी वर्षभर आलेली नसेल तर उत्तर मुळातच ठाऊक असते. ड जीवनसत्त्व शरीरात संप्रेरकासारखेच काम करते, आणि वर्षभर ऊन असलेल्या गोव्यातही ते कमी आढळते, कारण घरात, कार्यालयात आणि छत्रीखाली राहणाऱ्या त्वचेला ऊन लागत नाही. पातळी २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच ती भरून काढावी. त्यासाठी ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एक अशी आठ आठवडे दिली जाते. औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून ती पुढे महिनोन्महिने घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते, उलट्या होतात आणि मूत्रपिंडांना इजा होते.

दंतवैद्याशी बोलताना

खासगी दवाखान्यात जावे की बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात, हा प्रत्येकाच्या सोयीचा प्रश्न आहे. ठिसूळपणा, मधुमेह आणि थायरॉईड असे एकापेक्षा अधिक विषय असतील, तर बांबोळीला दंत महाविद्यालय आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय शेजारीशेजारी असल्याचा लाभ घ्यावा. दोन शाखांच्या डॉक्टरांचे म्हणणे एकमेकांपर्यंत पोहोचवणे तेथे सोपे जाते.

कोठेही गेलात तरी काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. माझे हाड मऊ निघाले तर आपण छिद्र नेहमीपेक्षा अरुंद पाडणार का? अशा हाडात छिद्र स्क्रूपेक्षा काहीसे लहान ठेवतात, म्हणजे स्क्रू बसताना भोवतालचे हाड दाबले जाऊन पकड वाढते. ड्रिल करताना थंड सलाइनचा पुरेसा मारा असतो का? हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सियसवर गेले तरी पेशी मरू लागतात, आणि मुळात दुबळ्या हाडाला ती हानी भरून काढणे जड जाते. इम्प्लांटचा पृष्ठभाग खडबडीत केलेला आहे का? मऊ हाडात गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा तो निश्चितपणे सरस ठरतो. पकड कशी मोजणार? बसवताना लागलेला टॉर्क (स्क्रू पिळण्याचा जोर) आणि कंपनांवरून काढलेला आयएसक्यू हा आकडा, हे दोन्ही नोंदवून ठेवायला सांगावे. आयएसक्यू ७० च्या वर असेल तर पकड उत्तम, ६० च्या खाली असेल तर थांबणे भाग आहे.

‘एका दिवसात पक्के दात’ या जाहिरातींविषयी येथेच बोललेले बरे. बसवताना टॉर्क ३५ न्यूटन-सेंटिमीटर किंवा अधिक मिळाला आणि हाड टणक असले, तर त्याच दिवशी तात्पुरता दात लावणे शक्य असते. पाळी जाऊन सात-आठ वर्षे झालेली, टी-स्कोअर घसरलेला आणि जागा वरच्या दाढेची, अशा परिस्थितीत ती घाई करू नये. मूळ स्वीडिश पद्धतीत खालच्या जबड्यासाठी तीन-चार आणि वरच्यासाठी पाच-सहा महिने थांबत असत. नव्या पृष्ठभागांमुळे चांगल्या हाडात हा काळ सहा-आठ आठवड्यांवर आला आहे. संप्रेरकाची कमतरता असलेल्यांनी मात्र जुनेच वेळापत्रक मागून घ्यावे आणि पक्क्या कॅपपूर्वी काही आठवडे हलक्या ॲक्रिलिकच्या दातावर चावण्याचा भार हळूहळू वाढवून पाहावा. सायनस उचलून हाड भरावे लागले असेल, तर आणखी काही महिने धरून चालावे.

गोव्यात या वेळापत्रकावर आणखी एक दबाव येतो. मुलगा आखातातून, जहाजावरून किंवा लंडनहून महिनाभराच्या रजेवर आलेला असतो आणि तो परत जाण्यापूर्वी आईचे दात उरकून टाकायचे असतात. त्याच्या रजेत तपासण्या, सीबीसीटी आणि इम्प्लांट बसवणे एवढे होऊ शकते. कॅप त्याच्या पुढच्या रजेत लागली तरी काही बिघडत नाही. चवथ तोंडावर असतानाही शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नये. नेवऱ्या, चकल्या आणि लाडवांच्या त्या दिवसांत, विशेषतः पकड सर्वांत दुबळी असते त्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, तोंडाला आवर घालणे कोणालाही अवघड जाते.

आहार आणि गोळ्यांच्या वेळा

रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. मोठा पेला दूध किंवा तेवढेच दही सुमारे ३०० मिलिग्रॅम देते, आणि शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साडेतीनशेच्या आसपास असते. तेव्हा आंबील आणि नाचणीचे सत्त्व यांना केवळ आजारपणाचे खाणे समजू नये. तारले आणि इतर लहान मासळी मऊ काट्यांसकट खाल्ल्यास कॅल्शियम मिळते, आणि बांगड्या-तारल्यांसारख्या तेलकट मासळीतून ड जीवनसत्त्वही मिळते. सुक्या सुंगटांत (कोळंबीत) कॅल्शियम भरपूर असले तरी मीठही तितकेच असते, आणि मिठाबरोबर कॅल्शियम लघवीवाटे निघून जाते, म्हणून त्यांवर विसंबू नये. मासळी न खाणाऱ्यांनी तीळ, दूध, अळसांदे आणि मुगागाठी यांवर भर द्यावा. नवे हाड रचायला कॅल्शियमइतकीच प्रथिनांचीही गरज असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत कोमट पेज, मऊ खतखते आणि कुस्करलेली मासळी यांवर भागते.

आहारातून भरपाई होत नसेल तरच गोळी घ्यावी, आणि तिची वेळ पाळावी. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडच्या गोळीचे शोषण अडवतात. पहाटे थायरॉईडची गोळी घेऊन न्याहारीबरोबर कॅल्शियम घेतले, तर टीएसएच बिघडते आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही. दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे. ॲलेंड्रोनेटची साप्ताहिक गोळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे होऊ नये, आणि त्या काळात कॅल्शियम किंवा चहाही घेऊ नये. ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षे ओमेप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांनी ती खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारावे; दीर्घकाळ घेतल्यास ती हाडांना अनुकूल नसते. सिगारेट, बिडी आणि मशेरी थांबवल्याखेरीज वरील कोणत्याही उपायाचा पूर्ण लाभ मिळणार नाही.

कॅप लागल्यानंतर

कॅप लावलेल्या दिवशीच इम्प्लांटचा एक एक्स-रे काढून घ्यावा व त्याची प्रत जपून ठेवावी, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशी होणार असते. पहिल्या वर्षात गळ्याशी एक ते दीड मिलिमीटरपर्यंत हाड उतरणे अपेक्षित मानले जाते, आणि त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी. सामान्य रुग्णाने सहा महिन्यांनी दाखवले तरी चालते. इस्ट्रोजेनची कमतरता आणि मधुमेह एकत्र असतील, किंवा पूर्वी हिरड्यांचा आजार होऊन दात पडले असतील, तर पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी जावे.

रजोनिवृत्तीनंतर लाळ कमी होते, तोंड कोरडे पडते आणि हिरड्या नाजूक होतात, त्यामुळे इम्प्लांटभोवती थर साचायला वाव मिळतो. मऊ ब्रश आणि फटींसाठीचा बारीक ब्रश रोज वापरावा. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री घालायचे गार्ड बनवून घ्यावे, कारण मऊ हाडाला आडवा जोर सोसत नाही.

ब्रश करताना रक्त येणे, कॅपच्या कडेने पू किंवा दुर्गंधी येणे, हिरडी उतरून धातूची कड दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुखत नसले तरी आठवड्याच्या आत दाखवावे. इम्प्लांटभोवतीचे हाड बहुधा न दुखता जाते. कॅप हलत असेल तर अनेकदा केवळ आतला स्क्रू सैल झालेला असतो व तो पुन्हा आवळता येतो. इम्प्लांटच हलत असेल तर हाडाने पकड सोडली आहे, आणि ते काढून, जागा भरू देऊन, कमतरता दुरुस्त करून काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करता येतो. हाडांची औषधे घेणाऱ्यांनी हिरडीतून टोचणारा पांढरा-पिवळा कठीण भाग जिभेला लागल्यास तो स्वतः काढू नये व ताबडतोब जावे.

ज्यांच्याबाबत इम्प्लांट टाळणेच योग्य ठरते, त्यांच्यासाठी ब्रिज किंवा चांगली बसणारी कवळी हा कमीपणाचा पर्याय नव्हे. मात्र कवळीखालचे हाड वर्षागणिक उतरत जाते आणि इस्ट्रोजेन कमी असल्यास अधिक वेगाने उतरते, म्हणून सैल झालेली कवळी चिकटवण्याच्या पावडरीवर वर्षानुवर्षे रेटू नये. तिचे अस्तर बदलून घ्यावे. सैल कवळीने हिरडीवर पडणारे व्रण हेही हाडांच्या औषधांवर असलेल्यांत अस्थिनाशाचे एक कारण ठरते.

शेवटी कागदपत्रांविषयी. इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट क्रमांक असलेले कार्ड दंतवैद्याकडून मागून घ्यावे आणि हाडांच्या इंजेक्शनांच्या तारखा त्याच्याच मागे लिहाव्यात. प्रत्येक कंपनीचा स्क्रू आणि तो फिरवायचा पाना वेगळा असतो. मुलांकडे परदेशी गेल्यावर कॅप सैल झाली, तर तेथील दंतवैद्य प्रथम हेच कार्ड मागेल.